परिक्रमेतलं धुणं

नर्मदा परिक्रमेला जायचं ठरलं तेव्हा मी महिनाभर चालायचा सराव केला, बुटांची चौकशी केली, आणि पाठपिशवी सहा किलोंच्या वर जाऊ नये म्हणून कंगव्यापासून सगळं तोलून घेतलं. कपडे दोनच जोड, एक अंगावर आणि एक पिशवीत. ते धुवायचे कसे याचा विचार मात्र मनातसुद्धा आला नाही. जन्मभर घरचं धुणं केलेल्या बाईला त्यात काय शिकायचं, असंच वाटलं. त्याच धुण्याने मला सहा दिवस एका जागी बसवलं. जे झालं ते सांगते, जास्त करून बायकांसाठी.

कार्तिकी एकादशी झाल्यावर मी आणि माझ्या जाऊबाई ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालो. मैया उजव्या हाताला ठेवून दिवसाला पंधरा किलोमीटरच्या आसपास चालणं व्हायचं. दुपार चांगली तापायची. संध्याकाळी आश्रमात टेकायचं, पाय चेपायचे, चहा घ्यायचा आणि मग धुणं. म्हणजे कपडे दोरीवर पडायचे तेव्हा सूर्य मावळलेला असायचा. नदीकाठी रात्री दव असं पडतं की सकाळी कपडे होते त्याहून ओले. आतले कपडे तर दोरीवर जायचेच नाहीत. आश्रमात महाराज, सेवेकरी, इतर परिक्रमावासी, सगळा पुरुषांचा वावर. मग ते ओढणीखाली झाकून खोलीतल्या खुंटीला. सकाळी तसेच दमट घालायचे, अंगावर वाळतील म्हणून. घरीसुद्धा हेच वळण होतं. आईने तेच शिकवलं, आजीने तिला.

चौथ्या दिवशी रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी पोचलो. १७४०च्या उन्हाळ्यात त्यांनी जिथे देह ठेवला ते हे ठिकाण. डोकं टेकायला खाली वाकले आणि जांघेत अशी आग उठली की डोळ्यांत पाणी आलं. घामाचं मीठ, ओली शिवण आणि नीट न निघालेली धुण्याची पावडर, तिन्हींनी मिळून कातडी सोलून काढली होती. पुढच्या गावात औषधाच्या दुकानातून मलम आणलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून गोल चट्टे पसरायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. तिच्यात स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबते आणि आतून बुरशी फोफावते. मलम बदलून दिल्यावर त्यांनी विचारलं, “कपड़े धूप में सुखाती हो?” मी गप्प बसले.

सहा दिवस एका आश्रमात पडून होते. तिथे स्वयंपाक करणारी म्हातारी दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आली, ओढणीखालचा बोळा उचलला, अंगणाच्या मधोमध दोरीवर एकेक कपडा उलटा करून पसरला आणि म्हणाली, “माताराम, सूरज से कैसी शरम?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणातून माणसं ये-जा करत होती. कोणीही मान वळवून पाहिलं नाही.

तेव्हापासून धुणं दुपारी. अकराच्या सुमाराला भोजनप्रसादीसाठी कुठेतरी थांबणं होतंच. पोचल्याबरोबर आधी कपडे, मग जेवण. दोन अडीच तासांच्या उन्हात पातळ कपडा खडखडीत वाळतो. जो राहील तो सेफ्टीपिनांनी पाठपिशवीवर टाचून चालायचं. सूर्य कलला की दोरीवर काही ठेवायचं नाही.

पिळण्याची एक रीत त्या म्हातारीनेच दाखवली. कोरडा पंचा जमिनीवर पसरायचा, त्यावर पिळलेला कपडा, आणि अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करून तिच्यावर गुडघ्यांनी भार द्यायचा. पंचा पाणी शोषून घेतो, वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. म्हणून जाड टर्किश टॉवेल नको, पंचाच हवा. वाळलाय की नाही हे बोटांना कळत नाही. परकराचा किंवा सलवारीचा नेफा गालाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. नेफा, नाडी, शिवणी सगळ्यांत शेवटी वाळतात, आणि काचतात त्याच. गवतावर मात्र कपडे पसरू नका. हिवाळ्यात कुसळी पिकलेली असते, एक कुसळ मोज्यात शिरलं तर कोसभर जीव खातं.

पावडर नेऊ नका, वडीचा चतुर्थांश तुकडा पुरतो. हापशाचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, मग आपण आणखी घासतो आणि त्याचा साका कापडात बसतो. अशा ठिकाणी साबण न लावता दोनदा चुबकून काढलेलं बरं. रोजचा घाम निव्वळ पाण्याने जातो.

आणि मैयात साबण नाही. परिक्रमेचा हा नियम मला आधी नुसता सोवळ्याचा वाटायचा, तसा तो नाही. साबणाचं पाणी माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. मध्य प्रदेशाचा राज्यमासा महाशीर याच नदीतला, आणि तो आता विरळ झाला आहे. रिठा तर झाडाचा, तो चालेल, असं आमच्या जाऊबाई म्हणत होत्या. पण रिठ्याच्या फेसाने मासे गुंगवून धरायची जुनी रीत आहे, म्हणजे पाण्यात तोही तितकाच वाईट. बादलीत पाणी घ्या, काठापासून चांगलं लांब जा, वापरलेलं पाणी मातीत जिरू द्या.

आमच्यासोबत काही टप्पे दोन तरुण मुली होत्या. पाळीची कापडं त्या पिशवीच्या तळाशी ओलीच कोंबून ठेवत. मी जवळ बसवून माझ्या जांघेची सगळी गोष्ट त्यांना सांगितली, काही लपवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांची कापडं माझ्या कपड्यांशेजारी उन्हात.

आश्रम चालवणाऱ्यांना एक मागणं आहे. तुम्ही आम्हाला अन्न देता, अंथरूण देता, पायाला तेल देता. बायकांच्या खोलीमागे, जिथे दुपारचं ऊन पडतं तिथे, एक दोरी बांधून द्या.