थंडीत टायरची हवा कुठे जाते?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये भरलेली गाडीची हवा निफाडच्या थंडीत पंक्चर नसतानाही कमी दिसते. असे का?

उत्तर : टायरचे आकारमान जवळपास स्थिर असते. आकारमान स्थिर असताना वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष, म्हणजे केल्व्हिनमधील तापमानाच्या प्रमाणात बदलतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो.

हवा ३३ अंशांना ३२ पीएसआय भरली, असे धरू. गणितात चूक होते ती इथेच. मापक बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिक परिसरात वातावरणाचा दाब साधारण १३.७ पीएसआय असतो. म्हणून टायरमधील खरा दाब ४५.७. तापमान ३०६ केल्व्हिनवरून २७८ वर आले की तो ४१.५ होतो. त्यातून १३.७ वजा केल्यास मापकावर जेमतेम २८ उरतात. मापकावरचे ३२ च धरून हे गणित सेल्सिअसमध्ये केले, तर उत्तर ५ पेक्षाही कमी येते. तेवढ्या हवेवर गाडी गॅरेजपर्यंतही जाणार नाही.

कसारा घाट उतरून मुंबईला गेल्यास बाहेरचा दाब १४.७ होतो. तापमान तेच असले तरी मापक सुमारे १ पीएसआय कमी दाखवतो. नाशिकच्या चिवड्याचे फुगलेले सीलबंद पाकीट मात्र आकसते : बॉइलच्या नियमानुसार आतल्या हवेचे आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी घटते. चिवडा तेवढाच राहतो.