हूक लिहिण्याआधी

हर्णे, ता. दापोली
आषाढ

चि. सोनूस,


मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत आहे. होड्या वर ओढून ठेवल्यात, बंदरावर लिलावाचा गलका नाही, त्यामुळे तुला सवडीने उत्तर लिहितोय.

लोकस्ट या लोड टेस्टच्या साधनाचा मूळ कोड घेऊन त्यातच बदल करायचा सल्ला तुला ऑफिसात कुणी दिला, ते विचारत नाही; पण तो ऐकू नकोस. पुढची आवृत्ती आली की तुझे बदल परत जुळवत बसावे लागतील. जिथे शिरकाव हवा तिथे लोकस्टवाल्यांनी हूक, म्हणजे ठराविक घटनेला आपला कोड चालवायच्या जागा, ठेवलेलेच आहेत. तेही बदलतात म्हणा! यशस्वी आणि फसलेल्या रिक्वेस्टचे हूक पूर्वी वेगळे होते, नंतर दोन्हींचा मिळून एकच झाला. म्हणून तुझे सगळे हूक एकाच फाइलमध्ये ठेव.

तुमची बुकिंगची सिस्टीम आहे, तर आपल्या गणपतीच्या गाड्यांचंच बघ. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं. आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आठाच्या आधीच चाकरमानी लॉगिन करून बसलेला असतो आणि आठाच्या ठोक्याला सगळ्यांची बोटं एकदम पडतात. तू म्हणतेस तसा लोडटेस्टशेप लिहून हे जमणार नाही. त्याचं टिक फंक्शन किती यूजर हवेत आणि ते कोणत्या वेगाने वाढवायचे हे सांगतं. नवा यूजर आला की आधी लॉगिन करणार, मग बुकिंगकडे वळणार. म्हणजे गर्दी पांगली. त्यापेक्षा ऑन_स्टार्टमध्ये लॉगिन उरकून प्रत्येकाला एका सेमाफोरवर थांबव आणि स्पॉनिंग_कम्प्लीट या हूकमध्ये तो सोड. दहा ओळींचं काम आहे, त्याला तू म्हणतेस तसं वेगळं प्लगइन कशाला?

आता रिक्वेस्ट हूकविषयी. प्रत्येक रिक्वेस्टचा निकाल तिथून थेट डेटाबेसात लिहायचा तुझा बेत मला पसंत नाही. लोकस्टचे हजारो यूजर म्हणजे हजारो थ्रेड नव्हेत. जीइव्हेंटच्या जोरावर एकाच प्रोसेसमध्ये आळीपाळीने चालणारे ग्रीनलेट आहेत ते. सायकोपीजी२ सारखा, आतून सी भाषेत लिहिलेला ड्रायव्हर डेटाबेसची वाट बघत थांबला की त्याच्याबरोबर सगळेच थांबतात. घड्याळ मात्र चालूच असतं. रिस्पॉन्स टाइम फुगतो आणि तू सर्व्हरवाल्यांशी भांडायला जातेस. काटा धरणाराच पारड्यात उभा राहिल्यासारखं होतं ते. हूकमध्ये फक्त यादीत नोंद टाक. ती यादी टेस्ट संपल्यावर एकदम लिही.

एकापेक्षा जास्त मशीन लावशील तेव्हा आणखी एक लक्षात ठेव. रिक्वेस्ट हूक यूजर चालवणाऱ्या वर्करवर चालतो, वर्करना सांभाळणाऱ्या मास्टरवर नाही. तुझी स्वतःची मोजणी असेल तर ती रिपोर्ट_टू_मास्टरमधून पाठव आणि मास्टरवर वर्कर_रिपोर्टमध्ये तिची बेरीज कर. टेस्ट_स्टार्ट मात्र दोन्हीकडे वाजतो. तिथे टेस्ट डेटा भरणारा कोड ठेवलास तर तो डेटा जितके मास्टर-वर्कर तितक्या वेळा भरला जाईल.

सरावासाठी दुसऱ्याच्या साइटकडे वळू नकोस, रेल्वेच्या तर मुळीच नाही. परवानगीशिवाय कुणाचा सर्व्हर बंद पाडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो. "मी फक्त टेस्ट करत होते" हे उत्तर पोलीस ऐकत नाहीत.

आता एवढंच कर. काही न करता नुसतं 'ओके' म्हणणारा एक छोटा सर्व्हर स्वतःच्या मशीनवर उभा कर. त्यावर तीच टेस्ट एकदा हूक लावून आणि एकदा न लावता चालव. दोन्हींचे रिस्पॉन्स टाइमच्या ९५व्या पर्सेंटाइलचे आकडे मला पाठव; प्लगइनचं त्यानंतर बघू. आणि खेडपर्यंतची तिकिटं काढली असतील तर आईला फोन करून सांग, ती रोज विचारते.

तुझा
मामा