गोळीची चमक आणि आपला जाणून घेण्याचा हक्क

मुलांच्या काही गोळ्या आणि च्युइंगम पांढरेशुभ्र, चकचकीत दिसावेत म्हणून त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी घालतात. तिला चव नाही, तिच्यात पोषण नाही. तिचे काम फक्त दिसण्याचे.

या भुकटीतले बरेच कण 'नॅनो' आकाराचे, म्हणजे १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. पदार्थ तोच असला तरी इतका बारीक झाल्यावर शरीरात वेगळा वागू शकतो. म्हणून त्याची तपासणीही वेगळी हवी.

युरोपात काय झाले?

फ्रान्सने २०२० पासून खाद्यपदार्थांत ही भुकटी बंद केली. २०२१ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले, की हिच्यामुळे पेशींतील जनुकांना इजा होणारच नाही असे म्हणता येत नाही, म्हणून सुरक्षित प्रमाण ठरवता येत नाही. २०२२ मध्ये सगळ्या युरोपीय संघात बंदी आली. मात्र २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ती खाण्यास सुरक्षित मानली.

मग आपण काय समजायचे? औषधाचा थोडा धोका आपण पत्करतो, कारण त्याने गुण येतो. इथे फायदा विकणाऱ्याचा आणि धोका लेकराचा. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. अन्नात तो खाणाऱ्याला मिळायला हवा.

लेबल कोणासाठी?

युरोपात मुद्दाम बनवलेला नॅनो घटक असेल तर त्याच्या नावापुढे 'नॅनो' असे छापावे लागते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असले की नियम पुरा होतो. मग फक्त मराठी वाचणाऱ्या आईला कसे कळणार?

एवढे करा

• पाकिटावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा १७१ हा क्रमांक शोधा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.
• बरणीतल्या सुट्या, लेबल नसलेल्या रंगीत गोळ्या टाळा. त्याच पैशात चिक्की, फुटाणे द्या.
• लेबल नसलेल्या पाकीटबंद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करा आणि पोच घ्या.
• महिला मंडळाच्या बैठकीत मराठी लेबलची आणि 'नॅनो' छापण्याची मागणी ठरावात घ्या.

एखादी गोळी खाल्ली म्हणून घाबरू नका. पण पोटात काय जाते हे विचारायला लाजूही नका.