सेट कुठे थांबवायचा

वर्धा,
रविवार

चि. बेटा,


तुझं पत्र मिळालं. बारला दोरी बांधून उचलण्याचा वेग मोजणारं यंत्र घ्यावं का, असं विचारलंस. आत्ता घेऊ नकोस. पण ते यंत्र ज्या विचारावर उभं आहे, तो विचार आजपासूनच घे. कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीने जिममध्ये नेमकं काय मिळवायचं, हे त्याच्याइतकं स्वच्छ सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

तुमच्याकडे वजन ठरवायची रीत सगळीकडची तीच आहे. एकदा जास्तीत जास्त किती उचलता येतं ते पाहायचं आणि पुढचे दोन-तीन महिने त्याच्या सत्तर टक्के, ऐंशी टक्के असं लावत जायचं. रीत चुकीची नाही. पण ते ‘जास्तीत जास्त’ रोज सारखं नसतं. परीक्षेच्या जागरणानंतर ते उतरतं, चांगली झोप आणि पोटभर जेवण झालेल्या दिवशी चढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की संध्याकाळी सातलाही अंगातला दम अर्धा झालेला असतो. कागदावर ८० टक्के लिहिलेलं वजन त्या दिवशी तुझ्या अंगाला ९० टक्क्यांचं पडतं, आणि हे कागदाला कळत नाही. बारच्या वेगाला मात्र कळतं.

भार वाढला की स्नायूच्या आकुंचनाचा वेग घटतो, हे ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवलं होतं. खेळाडूंच्या सरावात ते नीट उतरवलं स्पेनमधल्या गोन्झालेस-बादियो आणि सांचेस-मेदिना या दोघांनी. २०१० साली त्यांनी व्यायामाची सवय असलेल्या १२० पुरुषांकडून बेंच प्रेस करून घेतला. भार आणि वेग यांचं नातं इतकं घट्ट निघालं की वेग पाहून भार किती टक्के आहे ते सांगता यावं. जास्तीत जास्त वजनाच्या निम्मं वजन सेकंदाला साधारण ०.९५ मीटर वेगाने वर जात होतं, ८० टक्के वजन ०.४७ च्या आसपास, आणि एकदाच जेमतेम निघणारं वजन ०.१६ ने. त्यातल्या ५६ जणांची सहा आठवड्यांच्या सरावानंतर पुन्हा चाचणी घेतली. त्यांची ताकद सरासरी ९.३ टक्क्यांनी वाढली होती, पण प्रत्येक टक्क्याचा वेग जागचा हलला नव्हता. म्हणजे दर महिन्याला जीव काढून कमाल वजन उचलून बघायची गरज नाही. नेहमीचं वजन पूर्वीपेक्षा झपाट्याने वर जाऊ लागलं, तर ताकद वाढली असं समज.

आता तुझ्या कामाचं सांगतो. तुमच्या जिममध्ये कोणी शेवटच्या रेपला थरथरायला लागलं की आजूबाजूचे ओरडतात, ‘अजून एक! अजून एक!’ ते प्रेमाने ओरडतात, हे मला मान्य आहे. पण २०१७ साली पारेखा-ब्लांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेला प्रयोग बघ. २२ तरुणांनी आठ आठवडे स्क्वॉट केले. एका गटाने, सेटमधला वेग २० टक्क्यांनी पडला की बार रॅकवर ठेवायचा. दुसऱ्या गटाने वेग ४० टक्क्यांनी पडेपर्यंत, म्हणजे जवळपास दमछाक होईपर्यंत, रेटत न्यायचं. पहिल्या गटाचे रेप दुसऱ्यापेक्षा ४० टक्के कमी भरले. तरी स्क्वॉटची ताकद दोघांची सारखीच वाढली. उभी उडी मात्र लवकर थांबणाऱ्यांची ९.५ टक्क्यांनी वाढली आणि रेटणाऱ्यांची फक्त ३.५ टक्क्यांनी. रेटणाऱ्यांच्या मांड्या जास्त भरल्या हे खरं, पण त्यांच्यात सगळ्यांत वेगवान जातीच्या स्नायुतंतूंचं प्रमाण घटलं.

हे तुझ्यासाठी फार मोलाचं आहे. तुझी चढाई ३० सेकंदांची. त्यात निकाल लावणारे क्षण दोन-तीनच असतात. कोपऱ्यातली मुलगी घोट्याला हात घालते तेव्हा पाय झटकून काढायचा क्षण, आणि मध्यरेषेकडे झेप घ्यायचा क्षण. त्या क्षणी तुझी मांडी किती जाड आहे हे कोणी विचारत नाही. वरिष्ठ महिला गटात वजनाची मर्यादाही आहेच, तेव्हा नुसती भर घालून तुझं नुकसानच व्हायचं. तुला हवा आहे झटका, आणि तो शेवटच्या थरथरत्या रेपमध्ये तयार होत नाही. तिथे तू मंद हालचालीचा सराव करत असतेस.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो हे तुला ठाऊक आहे. १९१४ साली स्थापन झालेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली होती. जोर-बैठकांवर माझी श्रद्धा आहे आणि ती तशीच राहील. दम, सांध्यांची तयारी, चिकाटी, हे सगळं त्यातून येतं. पण शेकड्यांनी मोजलेल्या बैठका वेग देत नाहीत, हेही तुला सांगितलं पाहिजे. दोन्ही कर, फक्त त्यांची जागा ओळखून कर. झटक्याचा सराव ताज्या अंगाने, बैठका त्यानंतर किंवा दुसऱ्या दिवशी.

यंत्राशिवाय कसं करायचं ते सांगतो. बारच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी लाव. फोन बाजूला, कमरेच्या उंचीवर, एकाच ठरलेल्या जागी ठेव आणि सेकंदाला ६० चित्रं घेणारं चित्रीकरण लाव. मैत्रिणीला टेप धरायला सांगून तळापासून उभं राहीपर्यंत बार किती वर जातो ते एकदा मोज. समज, ५५ सेंटिमीटर भरलं. आता चित्रीकरण एकेक चित्र पुढे सरकवत बघ. बार तळातून हलल्यापासून तू ताठ उभी राहीपर्यंत ५५ चित्रं गेली, तर ०.९२ सेकंद लागला, म्हणजे वेग सेकंदाला ०.६० मीटर. वेग २० टक्क्यांनी पडला की तो ०.४८ होतो आणि तेच अंतर जायला ६९ चित्रं लागतात. म्हणजे तुझा नियम सोपा झाला: पहिला रेप ५५ चा असेल, तर ६९ ला सेट संपला. एक-दोन चित्रांची चूक होईल, होऊ दे. महिनाभर असं मोजलंस की मोजण्याची गरज उरणार नाही, रेप जड पडू लागल्याचं पायांनाच कळेल. सुरुवातीला तर कळेल की आपण रोज तीन-चार रेप जास्तीचे करत होतो.

यात एक पळवाट आहे आणि तिच्यापासून जप. वेग दिसावा म्हणून मुलं अर्धवट खाली जातात. खोली रोज सारखी ठेव. मागे एक ठरलेल्या उंचीचा बाक ठेव आणि प्रत्येक वेळी त्याला टेकेपर्यंत खाली जा. त्यावर बसायचं नाही आणि उसळायचंही नाही. खाली जाताना सावकाश, वर येताना मात्र जीव लावून. वजन हलकं असो की जड, मनातून वेग पूर्णच लावायचा. २०१४ साली गोन्झालेस-बादियो यांच्याच गटाने हे तपासलं. एका गटाने बेंच प्रेस पूर्ण जोराने केला, दुसऱ्याने मुद्दाम निम्म्या वेगाने. वजनं सारखी, रेप सारखे. सहा आठवड्यांनी पहिल्यांची कमाल १८.२ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यांची ९.७ ने. त्याच्याही आधी, १९९३ साली, बेम आणि सेल या दोघांनी सोळा जणांचा एक पाय जागच्या जागी जखडला आणि दुसरा मोकळा ठेवला. दोन्ही पायांनी झटका मारायचा होता. जखडलेला पाय अर्थातच हलत नव्हता. सोळा आठवड्यांनी वेगाचा फायदा दोन्ही पायांना सारखाच झालेला दिसला. तेव्हा जिममध्ये मैत्रिणींशी गप्पा मारत, लक्ष नसताना केलेला सेट मी सराव म्हणून धरणार नाही.

आता या संशोधनाच्या मर्यादा. वरचे स्पेनचे आकडे तरुण पुरुषांचे आहेत, आणि २०१० व २०१७ च्या प्रयोगांत बार रुळातून सरकणाऱ्या यंत्रावर होता, तुझ्यासारखा मोकळा नव्हता. हलक्या वजनांवर तेवढ्याच टक्क्याला बायकांचा वेग पुरुषांपेक्षा थोडा कमी भरतो, असंही आढळलं आहे. म्हणून इंटरनेटवरचा कोणताही तक्ता स्वतःवर लावू नकोस. स्वतःचा तक्ता तयार कर. आणखी एक: वेग मोजून केलेला सराव आणि टक्क्यांवर नीट बेतलेला सराव यांची तुलना करणारे अनेक अभ्यास एकत्र मांडले गेले आहेत, त्यात नुसत्या ताकदीच्या वाढीत मोठा फरक दिसत नाही. तेव्हा यात जादू आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. कमी थकव्यात तेवढंच मिळतं आणि उडी-झेप टिकते, एवढाच याचा लाभ. आठवड्यातले चार दिवस मैदानावर घालवणाऱ्या खेळाडूला तो पुरेसा मोठा आहे.

वही ठेव. तारीख, झोप किती, जेवलीस काय, पाळीचे दिवस, आणि सरावाच्या सुरुवातीला ठरलेल्या एकाच वजनाला, समज ४० किलोला, किती चित्रं लागली. तो आकडा नेहमीपेक्षा बराच चढला असेल, तर त्या दिवशी वजन उतरव. तुझ्या सरांशी यावरून वाद घालू नकोस. वही त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, ‘सर, आज जरा कमी करू का?’ आकडे पाहिल्यावर चांगला प्रशिक्षक अडून बसत नाही.

स्पर्धेत मात्र हात आखडायचा नाही. सांगलीच्या संकेत सरगरला आठव. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्याचं सुवर्ण एका किलोने हुकलं. दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यासाठी उभा राहिला. शेवटचा किलो मागायची जागा ती. रोजच्या सरावात तो मागत बसलीस, तर स्पर्धेच्या दिवशी द्यायला अंगात काही उरणार नाही.

शेवटी गुडघ्याचं. वळून थांबण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचा बंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. वर येताना गुडघे आत वळत असतील, तर वेग कितीही चांगला असो, तो रेप बाद समज आणि वजन कमी कर. मैदानावर गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन सूज आली, तर तेल चोळू नकोस, कोणाकडून ओढून घेऊ नकोस. त्याच दिवशी आईला घेऊन सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात ये. मी तिथे येऊन थांबेन.

पहिल्या चार आठवड्यांची वही भरली की तिचे फोटो मला पाठव.

तुझा,
मामा