गोड्या पाण्यांतील केंडमासा आणि सामाईक टाकी

काचेच्या टाकींत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे शहरांतून आणि आतां खेड्यांतूनहि चांगलाच पसरला आहे. दिवाणखान्यांत, दवाखान्यांत, शाळेच्या प्रयोगशाळेंत एखादी टाकी पुष्कळदां दिसते. बहुतेक ठिकाणीं ती सामाईक असते. म्हणजे तींत गप्पी, मोली, टेट्रा, एंजल असे निरनिराळ्या देशांचे व निरनिराळ्या स्वभावांचे मासे एकत्र नांदत असतात. ज्यांस अशी टाकी सजविण्याची हौस आहे, त्यांची दृष्टि दुकानांत केव्हां ना केव्हां एका चिमुकल्या, गोल डोळ्यांच्या, हिरवट-पिवळ्या माशावर जातेच. दुकानदार त्यास ‘पी पफर’ म्हणतात, म्हणजे वाटाण्याएवढा फुगणारा मासा. तो इतका लहान दिसतो कीं, इतरांच्या मेळ्यांत तो सहज सामावून जाईल असें कोणासहि वाटावें. परंतु तो तसा सामावत नाहीं. आणि कां सामावत नाहीं, हें त्याच्या शरीररचनेवरून व त्याच्या मूळ घरावरून समजून घेण्याचा आम्ही या लेखांत यत्न करणार आहों.

कोंकणांतील वाचकांस केंड नवा नाहीं. समुद्रांतील केंड जाळीं कुरतडतो, आंत सांपडलेली मासळी नासवितो आणि बाहेर काढला कीं टम्म फुगून बसतो, म्हणून मच्छीमार त्याच्या नांवानें बोटें मोडतात. वाटाण्याएवढा केंड हें त्याचेंच गोड्या पाण्यांतील धाकटें भावंड होय. या कुळास प्राणिशास्त्रांत ‘टेट्राओडॉन्टिडी’ असें नांव असून ग्रीक भाषेवरून त्याचा अर्थ ‘चार दांतांचे’ असा होतो. वरच्या जबड्यांत दोन व खालच्या जबड्यांत दोन असे चार दांत एकमेकांस जुळून त्यांची पोपटासारखी चोंच बनलेली असते. कुळांत सुमारें २०० जाति आहेत. त्यांतील बहुतेक खाऱ्या पाण्यांत राहतात, व सुमारें ३५ जातींचें सारें आयुष्य गोड्या पाण्यांत जातें.

हे दांत उंदराच्या दांतांप्रमाणें जन्मभर वाढत राहतात. निसर्गांत शंख, शिंपले, खेकडे फोडतां फोडतां ते झिजतात. पण ज्यास सदैव मऊच अन्न मिळतें त्याची चोंच वाढत जाऊन तोंड उघडेनासें होतें, आणि समोर अन्न असतांहि तो उपाशी मरतो. मोठ्या जातींत ही आपत्ति विशेष दिसते. केंडाच्या अंगावर खवले नसतात, पोटाखालचे पर नसतात आणि फासळ्याहि नसतात. फासळ्यांचा अडथळा नसल्यामुळें त्याचें पोट विलक्षण ताणूं शकतें. संकट आलें कीं तो भराभर पाणी गिळतो आणि चेंडूसारखा होतो. हा त्याचा अखेरचा उपाय होय, करमणुकीचा खेळ नव्हे. कांहीं मुलें गंमत म्हणून त्यास जाळींत धरून फुगवितात, तें सर्वथा अनुचित आहे. पाण्याबाहेर तो हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकतां न आली तर त्याच्या प्राणावर बेततें.

इतर मासे शेपटीच्या फटकाऱ्यानें पुढें जातात. केंड पाठीवरचा, गुदाजवळचा व छातीवरचे असे लहान पर हलवून पोहतो. शेपटीचा उपयोग तो मुख्यतः सुकाणूसारखा करतो. त्यामुळें त्यास वेग नाहीं, पण जागच्या जागीं थांबणें, वळणें, मागें सरणें हें त्यास उत्तम साधतें. त्याचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणें फिरतात. गोगलगाईच्या शंखापाशीं तो येतो, थबकतो, एका अंगानें पाहतो, दुसऱ्या अंगानें पाहतो, आणि ती शिंगें बाहेर काढण्याचीच वाट पाहत असल्यासारखा स्थिर राहून एकाएकीं चावा घेतो. टाकीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडेहि तो असाच निरखून पाहतो, आणि पाळणाऱ्यास तो ‘हुशार’ वाटतो तो यामुळेंच. ही हुशारी शिकाऱ्याची आहे, हें मात्र सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

आपल्या देशांतील गोड्या पाण्याच्या केंडांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनीं गंगा व तिच्या शाखांतील माशांवर १८२२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ‘कटकटिया’ या केंडाचें वर्णन आहे. (हें नांव आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडेल, आणि त्या माशाचा स्वभावहि नांवास शोभेसाच आहे.) वाटाण्याएवढा केंड शास्त्रास त्यानंतर सव्वाशें वर्षांच्या आंत माहीत झाला. डॉ. सुंदरलाल होरा व के. के. नायर यांनीं १९४१ सालीं त्रावणकोरांतील माशांचा अभ्यास करतांना त्याचें वर्णन केलें, आणि त्या संस्थानावरून त्याच्या जातीस ‘ट्रॅव्हनकोरिकस’ असें नांव पडलें. पंपा नदी हें त्याचें प्रसिद्ध स्थान. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतून पश्चिमेस उतरणाऱ्या केरळांतील नद्या, त्यांचीं संथ व पाणवनस्पतींनीं भरलेलीं पात्रें, आणि कर्नाटकाचा दक्षिण भाग एवढ्या टापूंतच तो आढळतो. पृथ्वीवर इतरत्र कोठेंहि नाहीं. १९९९ सालीं ब्रिट्झ व कॉटेलाट यांनीं त्याच्याशीं इतक्या सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका भारतीय केंडाचें वर्णन केलें कीं, त्याचें नांवच त्यांनीं ‘इमिटेटर’ म्हणजे नकल्या असें ठेविलें.

पूर्ण वाढलेला मासा सुमारें अडीच सेंटिमीटर, फार तर साडेतीन सेंटिमीटर भरतो. नराच्या पोटाच्या मध्यावरून एक काळसर रेघ जाते व डोळ्यांमागें चमकदार सुरकुत्या दिसतात. मादी अधिक गोल व ठिपकेदार असते. दोन नर समोरासमोर आले कीं पाठीवरची व पोटावरची कातडी कण्यासारखी उंच उभारून एकमेकांस धमकावितात, आणि ‘कॅरिनोटेट्राओडॉन’ या प्रजातिनामांतील ‘कॅरिना’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, तो याच लक्षणावरून आला आहे.

दुकानांत याच्या शेजारीं दुसरेहि केंड असतात, आणि तेथें ग्राहकाची फसगत होण्याचा संभव फार. हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेला जो देखणा केंड ‘गोड्या पाण्याचा’ म्हणून विकला जातो, तो खरा मचूळ पाण्याचा आहे. लहानपणीं तो गोड्या पाण्यांत तग धरतो, पण मोठेपणीं त्यास खारेपणा लागतो, आणि तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. या माशाविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांत ज्यांची आनुवंशिक लिपि अतिशय आटोपशीर आहे त्यांपैकीं तो एक असल्यामुळें शास्त्रज्ञांनीं ती लिपि वाचून २००४ सालीं प्रसिद्ध केली. मनुष्याच्या लिपीच्या दहाव्या हिश्श्याहून ती थोडीच मोठी आहे. आफ्रिकेंतील कांगो नदीचा ‘म्बू’ केंड तर ६० सेंटिमीटरांवर जातो. त्यास घरच्या टाकींत ठेवण्याची कल्पनाहि करूं नये.

आतां सामाईक टाकीकडे वळूं. टाकींत गप्पी आहेत, त्यांच्या शेपट्या रेशमी पदरासारख्या लहरत आहेत, आणि तींत आपण हा शिकारी सोडला. जें जें हलतें, लोंबतें, त्याची परीक्षा हा चोंचीनें करतो. पहिल्या दिवशीं तो कोपऱ्यांत बसून पाहतो व पाळणारा निश्चिंत होतो. पुढें गप्पींच्या शेपटींत अर्धचंद्राकार खांचा दिसूं लागतात. एंजलच्या लांब परांचे शेंडे नाहींसे होतात. जखमेवर कापसासारखी बुरशी धरते, मासा मरतो, आणि दोष येतो पाण्यास! एवढासा मासा आपल्या तिप्पट लांबीच्या माशास छळीत असेल, अशी शंका कोणास येत नाहीं. लहान कोळंबी टाकींत असल्यास ती तो सरळ खातो.

इतकें होऊनहि केंडाचें कल्याण होतें असें नाहीं. टाकींत टाकलेलें कोरडें खाद्य तो बहुधा तोंडांत घेऊन थुंकतो. जिवंत अळ्या घातल्या तर टेट्रांसारखे चपळ मासे त्या क्षणांत फस्त करतात, आणि हा विचार करीत राहतो. निसर्गांतून पकडून आणलेल्या केंडांच्या आंतड्यांत पुष्कळदां जंत असतात. त्यांत ही उपासमार. पोट खपाटीस गेलेला केंड सामाईक टाकींत दिसला तर तो अर्धा मेलाच समजावा. कांहीं अनुभवी लोक शेवाळ खाणाऱ्या ओटोसिंक्लस माशांबरोबर त्यास महिनोन् महिने ठेवल्याचें सांगतात, व तें खोटें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक केंडाचा स्वभाव थोडाफार निराळा असतो. परंतु ज्या प्रयोगांत हरल्यास मरण दुसऱ्याचें, तो विद्यार्थ्यांनीं करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. केंड पाळावयाचा तर त्यास स्वतंत्र बिऱ्हाड द्यावें.

हें बिऱ्हाड मोठें खर्चाचें नाहीं. एक नर व दोन-तीन माद्या यांस निदान ४० लिटरांची टाकी असावी, आणि तींत वनस्पति इतक्या दाट असाव्यात कीं, एकास दुसऱ्याच्या नजरेआड होतां यावें. नर एकाहून अधिक ठेवल्यास भांडणें ठरलेलीं. पाणी २४ ते २८ अंश सेंटिग्रेड असलें म्हणजे पुरे. आपल्याकडे बहुतेक महिने तें तसें असतेंच. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मारण्याचें औषध मिळतें, तें घातल्याशिवाय पाणी टाकींत ओतूं नये.

पण टाकी भरली कीं त्याच दिवशीं मासा सोडावा, ही जी घाई सर्वत्र दिसते ती या माशास विशेष घातक आहे. याचें कारण नीट समजून घेण्याजोगें आहे. माशाच्या मलमूत्रांतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो आणि तो माशांस विषारी असतो. एका प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट बनवितात, तेंहि विषच. दुसऱ्या प्रकारचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि तें थोड्या प्रमाणांत माशांस फारसें बाधत नाहीं. गाळणीच्या स्पंजावर हे दोन्ही जंतु पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसलें तरी त्यांत विष असूं शकतें. केंड मांसाहारी व खातांना सांडलवंड करणारा. त्याच्या टाकींत अमोनिया लवकर सांचतो. म्हणून उरलेलें अन्न काढून घ्यावें आणि दर आठवड्यास चतुर्थांश ते तृतीयांश पाणी बदलावें. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुऊं नये, टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा. नाहीं तर क्लोरीननें ते उपयुक्त जंतुच मरतात. अंगावर खवले नसल्यामुळें औषधेंहि, विशेषतः तांब्याचीं, त्यास लवकर बाधतात.

अन्नाचा प्रश्न आमच्या मतें सर्वांत मनोरंजक आहे. इतर टाक्यांचे मालक ज्या पाणगोगलगाई उपद्रव म्हणून वेंचून फेकतात, त्याच येथें पक्वान्न ठरतात. एका बरणींत पाणी, थोडें शेवाळ व भाजीचीं पानें घालून त्या वाढवाव्या, आणि माशाच्या डोळ्याएवढ्या झाल्या कीं दोन-चार टाकींत सोडाव्या. मिजमाशीच्या तांबड्या अळ्या गोठविलेल्या मिळतात, त्या कोमट पाण्यांत सुटून घेऊन चिमट्यानें पुढें धराव्या. डांसांच्या अळ्याहि तो चवीनें खातो. पण त्या गटारांतून आणूं नयेत, झांकलेल्या स्वच्छ भांड्यांत उत्पन्न करावयाच्या म्हटल्यास डांस घरांत सुटणार नाहींत अशी काळजी घ्यावी. गटारांतील लाल किडे अनेक दुकानांत मिळतात, त्यांच्याबरोबर रोग येतो.

एवढी दक्षता सांगण्यास आणखी एक कारण आहे. गप्पी हौदांत पैदा होतात. वाटाण्याएवढा केंड अद्याप मुख्यतः नद्यांतून पकडला जातो. २००५ ते २०१२ या काळांत भारतांतून परदेशीं गेलेल्या शोभेच्या माशांचा हिशेब अभ्यासकांनीं २०१३ सालीं मांडला. त्यांत संकटग्रस्त म्हणून गणलेल्या निदान ३० जातींचे सुमारें १५ लाख मासे होते, आणि त्यांतील मोठा वाटा तिघांचा: कृष्णेच्या खोऱ्यांतील पट्टेदार बोटिया, केरळांतील तांबड्या रेघेचे बार्ब, आणि हा केंड. जगांतील संकटग्रस्त प्राण्यांची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे तींत हा ‘असुरक्षित’ या वर्गांत मोडतो. ज्याचें घर इतक्या थोड्या नद्यांत आहे तो एका आठवड्यांत टाकींत मेला, तर त्याची भरपाई पुन्हां त्याच नदींतून होते. यास्तव विकत घेण्यापूर्वीं मासा टाकींत पैदा झालेला आहे किंवा नदींतून आणलेला, हें दुकानदारास विचारावें, आणि उत्तर मिळालें नाहीं तर घेऊं नये. घेतलेला मासा नकोसा झाल्यास विहिरींत वा ओढ्यांत मात्र कदापि सोडूं नये. ज्यास स्वतंत्र टाकी आहे अशा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा.

घरच्या टाकींत त्याची पैदास होऊं शकते, ही समाधानाची गोष्ट होय. टाकींत जावा मॉस या नांवाच्या शेवाळाचा झुपका ठेवावा. नर मादीच्या मागें त्या झुपक्यांत शिरतो आणि तेथें थोडींथोडीं अंडीं पडतात. तीं बारीक व पारदर्शक असल्यामुळें सहज दिसत नाहींत, म्हणून झुपकाच उचलून त्याच टाकीचें पाणी घातलेल्या दुसऱ्या भांड्यांत ठेवावा. सुमारें पांच दिवसांनीं पिलें बाहेर येतात. प्रारंभीं त्यांस शेवाळावरील सूक्ष्म जीव पुरतात. पुढें आर्टेमियाचीं नुकतींच फुटलेलीं पिलें द्यावीं, आणि तीं वाढूं लागलीं कीं आकाराप्रमाणें निरनिराळ्या भांड्यांत वेगळीं करावीं, कारण मोठें पिलूं लहानास चावण्यास मागेंपुढें पाहत नाहीं.