ई.सी.जी. वाचनाची प्राथमिक ओळख

हृद्रोगाचे अनेक रुग्ण आयुर्वेदीय चिकित्सालयात येताना ई.सी.जी.चा आलेख सोबत आणतात. त्यावर यंत्राने छापलेला निष्कर्ष तेवढा वाचून आलेख बाजूला ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वी त्याच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्‌लहर पसरते. त्वचेवरून घेतलेली तिची नोंद म्हणजे ई.सी.जी. हे तंत्र सिद्ध करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक लाभले.

कागद व तरंग

कागद सामान्यतः सेकंदाला २५ मि.मी. या गतीने सरकतो. त्यामुळे आडवा लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, तर मोठा ०.२० सेकंदाचा होतो. उभ्या दिशेत १० मि.मी. म्हणजे १ मिलिव्होल्ट. पी तरंग अलिंदांचे उत्तेजन दर्शवितो, क्यूआरएस निलयांचे, तर टी तरंग निलये पूर्वस्थितीत येत असल्याचे दर्शवितो.

वाचनाचा क्रम

१. रुग्णाचे नाव, दिनांक, वेळ व कागदाची गती प्रथम पाहावी.

२. गती : लगतच्या दोन आर तरंगांमधील मोठ्या चौकोनांच्या संख्येने ३०० ला भागावे. चार चौकोन असल्यास गती मिनिटाला ७५.

३. ताल : प्रत्येक क्यूआरएसपूर्वी पी आहे का, हे पाहावे. पी दिसत नाही आणि आर तरंगांतील अंतर सर्वस्वी अनियमित आहे, असे आढळल्यास एट्रियल फिब्रिलेशनचा विचार करावा. नाडीपरीक्षेत विषम नाडी लागल्यास ई.सी.जी. अवश्य काढवावा.

४. अंतरे : पीआर ०.१२ ते ०.२० सेकंद, क्यूआरएस ०.१२ सेकंदाहून कमी.

५. एसटी भाग : लगतच्या दोन किंवा अधिक लीडमध्ये तो मूळ रेषेच्या वर उचललेला असल्यास तीव्र हृदयविकाराचा झटका गृहीत धरून हालचाल करावी. लीड २, ३ व एव्हीएफ हृदयाची खालची भिंत दाखवितात. व्ही १ ते व्ही ४ पुढची.

औषधिसंबंध

ज्येष्ठमधाचे दीर्घकाळ व अधिक मात्रेत सेवन केल्यास रक्तातील पोटॅशियम घटू शकते. रुग्ण मूत्रल गोळ्याही घेत असल्यास हा धोका वाढतो. अशा वेळी टी तरंग चपटा होतो व त्यामागे यू तरंग उमटतो. म्हणून औषधविक्रेत्यांनीही रुग्णाच्या चालू औषधांची चौकशी करावी.

सर्वांत महत्त्वाचे

झटक्याच्या प्रारंभी ई.सी.जी. पूर्णतः प्राकृत असू शकतो. खालच्या भिंतीच्या झटक्यात पोटाच्या वरच्या भागात वेदना, मळमळ व उलटी होऊन आम्लपित्ताचा भास होतो. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात छातीतील वेदना कित्येकदा नसतेही. अशा रुग्णाने दुकानात येऊन पाचक चूर्ण मागितले, तरी घाम, धाप, जबडा वा हात दुखणे यांविषयी विचारल्याविना ते देऊ नये. संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास हृद्रोगोपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. तेथे आलेख पुनःपुन्हा काढून व रक्तातील ट्रोपोनिन तपासून निदान निश्चित केले जाते.

आलेख प्राकृत आहे म्हणून रुग्णाची तक्रार दुर्लक्षू नये. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेला ई.सी.जी.ची जोड द्यावी. तिची जागा त्याला देऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.