कला आणि मनाचे आरोग्य

एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारास १९३८ साली क्षयरोग झाला. आरोग्यधामात खाटेवर पडून समोरच्या साध्या वस्तू रेखाटताना मनास उभारी येते, हे त्यांनी अनुभवले; पुढे इतर रुग्णांनाही चित्रे काढावयास शिकविले. १९४२ साली त्यांनी या पद्धतीस ‘आर्ट थेरपी’, म्हणजेच कलोपचार, हे नाव दिले.

कौशल्य नव्हे, तर मन मोकळे होणे हेच खुल्या कलादिनाचेही मर्म होय. तेथे स्पर्धा वा गुण नसावेत. आईने रांगोळी रेखावी, आजोबांनी मातीचा बैल घडवावा. वसतिगृहातील मुलाने घराची आठवण रंगांत मांडावी. पालकांनी ‘हे काय काढलेस?’ असे न विचारता ‘याविषयी सांग’ एवढेच म्हणावे. ज्याचे ऐकून घेतले जाते, ते मूल एकटे राहत नाही.